एकाच टर्मिनलवर २४ अँपिअर पण आणि २० अँपिअर पण, मग धरायचं कुठलं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावर बोलतोय. तुम्ही चाकणला पॅनल बनवता, मशीन अमेरिकेत ओहायोला जाणार आहे. अडीच मिलिमीटर स्क्वेअरच्या टर्मिनलच्या (दोन वायरी स्क्रूने जोडायचा तुकडा) डेटाशीटवर आयईसीच्या, म्हणजे युरोपात चालणाऱ्या स्टँडर्डच्या, रकान्यात २४ अँपिअर आणि यूएलच्या, म्हणजे अमेरिकेच्या, रकान्यात २० लिहिलंय, आणि हीटरला १८ अँपिअर लागतात, ते पण दिवसभर सलग. शिवाय कार्डावरचा जो हिरवा काढघालीचा कनेक्टर आहे त्याला आयईसीत १२, यूएलमध्ये बी ग्रुपला १५ आणि डी ग्रुपला १०. सिनियर म्हणतात सगळ्यात लहान आकडा धर आणि निवांत झोप, परचेसवाला म्हणतो माल एकाच खोक्यातला आहे, कुठलाही आकडा घे, आणि दोघांच्या मधे तुम्ही.

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मी भोसरीत वीस-बावीस वर्षं हेच करतोय, आधी इथल्याच कारखान्यांसाठी, नंतर जर्मनी आणि अमेरिकेला जाणारी पॅनल, आणि हा प्रश्न दर नवीन पोराला पडतो, मलाही पडला होता. आज गुरुवार, शेड बंद आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

परचेसवाल्याचं बरोबर काय, तर धातू तोच, स्क्रू तोच, प्लास्टिक तेच. टर्मिनलला माहीत नसतं की आपण बोटीने ओहायोला चाललोय. मग आकडा बदलतो कशाने? टर्मिनलमधून करंट गेला की तो तापतो, किती तापू द्यायचा, त्यात कुठली वायर घालून बघायचं आणि आजूबाजूची हवा किती गरम धरायची, हे ठरवल्याशिवाय अँपिअरचा आकडा लिहिताच येत नाही. युरोपने हे एका पद्धतीने ठरवलं, अमेरिकेने दुसऱ्या.

आयईसी ६०९४७-७-१ मध्ये पाच टर्मिनल शेजारी शेजारी लावतात, सिरीजमध्ये जोडतात, त्यात त्या साइजची वायर घालतात, ठरलेला करंट सोडतात आणि मधलं टर्मिनल किती तापलं ते बघतात, कारण मधल्याला दोन्हीकडून शेजाऱ्यांची धग लागते. खोलीच्या तापमानाच्या वर ४५ डिग्रीपर्यंत चालतं. यूएल १०५९ मध्ये हीच वाढ ३० डिग्रीच्या आत लागते. म्हणजे अमेरिकावाले जास्त कडक, असं पटकन वाटतं. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ३० भागिले ४५ चं वर्गमूळ काढलं तर ०.८१६ येतं, २४ ला त्याने गुणलं की १९.६. बघा, २० आलं की! मी कितीतरी वर्षं हे गणित टपरीवर चहाच्या बिलामागे काढून दाखवायचो आणि समोरचा मान डोलवायचा.

पण ते गणित चुकीचं आहे, म्हणजे उत्तर योगायोगाने आलंय. चारचं टर्मिनल घ्या, आयईसी ३२, गुणाकार केला तर २६ यायला पाहिजे, पण यूएलला बहुतेक ठिकाणी ३० दिसतं. सहाचं घ्या, आयईसी ४१, यूएल ५०. वाढला! दहाला आयईसी ५७, यूएल ६५. अमेरिका कडक असेल तर मोठ्या टर्मिनलवर एवढी उदार कशी?

याचं उत्तर वायरमध्ये आहे, आणि हे कळायला मला फार वेळ लागला. आयईसीचा आकडा मिलिमीटर स्क्वेअरच्या वायरला बांधलेला आहे, अडीचला २४, चारला ३२, सहाला ४१, दहाला ५७, हे टेबलातूनच येतं, कंपनी कुठलीही असो. टर्मिनलने तेवढा करंट घेऊन ४५ च्या आत राहायचं, बस्स. म्हणजे २४ ही त्या पितळाची शेवटची ताकद नाही, अडीचची इयत्ता पास व्हायचे मार्क आहेत. यूएलचा आकडा अमेरिकन गेजच्या वायरला बांधलेला. १२ गेजला २०, १० गेजला ३०, ८ गेजला ५०, ६ गेजला ६५. आता ही गेजची वायर स्क्वेअरमध्ये मोजा, १२ गेज म्हणजे ३.३१, १० गेज ५.२६, ८ गेज ८.३७, ६ गेज १३.३. म्हणजे अडीचच्या टर्मिनलमध्ये अमेरिकेने अडीच नाही, सव्वातीनची वायर घातली, सहाच्यात सव्वाआठची. जाड वायर स्वतः कमी तापते, आणि शिवाय टर्मिनलची उष्णता ओढून बाहेर नेते, जाड चमचा चहात ठेवला की त्याचं टोक गरम होतं तसं. म्हणून ५० अँपिअरला सुद्धा ३० डिग्रीच्या आत बसतं. आणि १२ गेजला २० अँपिअरच का, तर तिकडच्या एनईसी कोडमध्ये, म्हणजे वायरिंगच्या नियमावलीत, १२ गेजच्या पुढे ब्रेकर २० पेक्षा मोठा लावायचा नाही असा सरळ नियम आहे, १० गेजला ३०. वायरच २० च्या वर वापरायची नाही तर टर्मिनलला जास्त लिहून उपयोग काय.

यात स्वभावाचा पण भाग आहे. यूएल १८९४ साली शिकागोत सुरू झालं ते आगीचा विमा उतरवणाऱ्यांच्या पैशावर, आणि एनईसीची पहिली आवृत्ती १८९७ ची. विमावाल्याचा विचार काय, तर वायरिंग करणारा कोण असेल माहीत नाही, लोड काय लावेल माहीत नाही, म्हणून वायर, ब्रेकर आणि टर्मिनल अशी तिन्ही एकाच साखळीत बांधून टाका. युरोपची पद्धत डिझाइनरच्या हातात जास्त सोडते, घे हे टेबल, घे हा कर्व्ह, तुझ्या पॅनलला काय लागू होतं ते तू काढ. मला स्वतःला दुसरी आवडते, पण रात्री शांत झोप पहिलीने लागते.

आता ते ८० टक्क्यांचं प्रकरण, सगळ्यात जास्त गोंधळ यातच आहे. तीन वेगवेगळ्या ठिकाणी ०.८ येतं आणि लोक ते एकच समजतात, नाहीतर तिन्ही एकावर एक मारतात.

पहिलं अमेरिकेतलं. लोड तीन तास किंवा जास्त सलग चालणार असेल तर त्याला कंटिन्युअस लोड म्हणतात आणि ब्रेकर त्याच्या १२५ टक्के घ्यावा लागतो, उलट्या बाजूने म्हणायचं तर २० चा साधा ब्रेकर सलग फक्त १६ ला वापरायचा. हा नियम सर्किटचा आहे, टर्मिनलच्या तापण्याचा नाही. दुसरं युरोपमधलं, कनेक्टरचा जो डीरेटिंग कर्व्ह असतो, म्हणजे हवा गरम होईल तसा करंट किती कमी करायचा त्याचा आलेख, आयईसी ६०५१२-५-२ प्रमाणे, त्यात नमुने मोजून आलेल्या कर्व्हला ०.८ ने गुणून खाली आणतात, कारण मोजलेला नमुना आणि तुमच्या हातातला माल यात फरक असणारच. हे बऱ्याचदा कंपनीने आधीच केलेलं असतं, कर्व्हखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. तिसरं म्हणजे वरचं ते ०.८१६, टपरीवरचं.

आमच्याकडे एका पोराने एक्सेलमध्ये तिन्ही टाकले होते. २४ गुणिले ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, आले १२.३. मग प्रत्येक फीडरला एक साइज मोठं टर्मिनल, टर्मिनल बसवायची रेल भरली, पॅनल ८०० मिलिमीटरचं होतं ते १००० चं करायची वेळ आली. चूक काहीच नाही म्हणजे सेफच होतं, पण कस्टमर विचारतो की बाबा रे एवढं मोठं कपाट कशाला, तेव्हा उत्तर देता आलं पाहिजे.

हा सर्किटचा नियम किती वेगळा आहे ते बघायचं असेल तर इंडस्ट्रियल प्लग बघा, निळे-लाल गोल, आयईसी ६०३०९ वाले. युरोपसाठी तेच प्लग १६, ३२, ६३ आणि १२५ अँपिअरचे, उत्तर अमेरिकेसाठी २०, ३०, ६० आणि १०० चे. लहान साइजला अमेरिकेचा आकडा मोठा, बाकी तिन्हीला लहान. याच्यात तापण्याचं शास्त्र शोधत बसू नका, तिकडच्या ब्रेकरच्या पायऱ्याच १५, २०, २५, ३०, ६०, १०० वगैरे आहेत, आपल्याकडे १६, २५, ३२, ६३ वगैरे, प्लगला जवळच्या पायरीवर बसवलंय. आणि मग गंमत अशी की ३२ च्या प्लगमधून युरोपवाला सलग ३२ घेतो, आणि ३० वाल्यातून अमेरिकावाला सलग २४ च घेतो. कॉम्प्युटरच्या मागे लागणारी कॉर्ड पण तशीच, तो सी-१३ कनेक्टर आयईसीत १० अँपिअरचा, अमेरिकेत १५ पर्यंत, पण १५ तेव्हाच जेव्हा वायर १४ गेजची असेल, १८ गेज असेल तर तिकडे पण १० च. आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या कॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ६ अँपिअरची तीन पिन असते, मग कनेक्टर १० चा असला काय आणि १५ चा असला काय, तुम्हाला मिळाले सहाच.

आता तुमचा हीटर. इथे मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो, हे १८ अँपिअर कुठल्या व्होल्टेजला? कारण बहुतेक वेळा आपण इथे ४१५ ला चालवून क्लॅम्प मीटर लावतो आणि तो आकडा ड्रॉइंगवर जातो. ओहायोच्या कारखान्यात थ्री फेज बहुतेक ४८० असणार. हीटर म्हणजे नुसता रेझिस्टन्स, व्होल्टेज वाढलं की करंट त्याच प्रमाणात वाढतो, ४८० भागिले ४१५ म्हणजे १.१५७, तुमचे १८ तिकडे जाऊन २०.८ होणार. आणि पॉवर वर्गाने वाढते म्हणजे जवळजवळ ३४ टक्के जास्त. हीटरचं आयुष्य गेलं ते वेगळं. मोटरवाले याबाबतीत सावध असतात, हीटरकडे कोणी बघत नाही. एका मशीनला आमच्याकडून हेच झालं होतं, ट्रान्सफॉर्मर कस्टमर लावणार असं आम्ही समजलो आणि कस्टमर समजला की मशीनमध्येच आहे, मग व्हिडिओ कॉलवर लालभडक झालेला कॉइल बघितला रात्री अकरा वाजता.

धरून चालू की १८ हे ४८० ला आहेत. अमेरिकेच्या हिशोबाने सलग लोड, १२५ टक्के म्हणजे २२.५, ब्रेकर २५ चा. २५ च्या ब्रेकरखाली १२ गेज चालत नाही, १० गेज पाहिजे, आणि १० गेज अडीचच्या टर्मिनलमध्ये तुम्ही ढकलून बसवलीत तरी रेटिंग २० च राहणार. म्हणजे चारचं टर्मिनल, यूएल ३०. जर २०.८ होणार असतील तर १२५ टक्के म्हणजे २६, ब्रेकर ३० चा, तरीही १० गेज आणि चारचंच टर्मिनल पुरतं, काठावर.

म्हणजे "१८ हे २० पेक्षा कमी आहे ना" असं म्हणून अडीचचं लावायचं नाही. तुमच्या सिनियरनी लहान आकडा धर म्हटलं ते ठीक, पण लहान आकडा धरूनही इथे फसलात असतात, कारण १८ ची तुलना २० शी करायचीच नाहीये, २२.५ ची करायची आहे.

आणि समजा मशीन अमेरिकेला नाही, जर्मनीला चाललं असतं. तिथे २४ अँपिअरचं टर्मिनल आणि लोड १८, आरामात बसलं असं वाटेल. पण वायर बघा. आयईसी ६०२०४-१ च्या टेबलात ४० डिग्री हवेत, पीव्हीसीची अडीचची वायर डक्टमध्ये, म्हणजे वायरी न्यायच्या बंद पन्हळीत, टाकली की १८.३ अँपिअर, तेही एकट्या सर्किटला, शेजारी दुसरी लोड असलेली सर्किट्स आली की ग्रुपिंगचा फॅक्टर लागून अजून खाली. म्हणजे टर्मिनल २४ चं असूनही वायर तुम्हाला १८ सुद्धा धड देत नाही, चारची वायर लागणार, तिला तिथे २४ आहेत, आणि डक्ट गच्च भरलेला असेल तर सहाची. मग चारची वायर तर टर्मिनल पण चारचं. बघा, दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या आणि पोचलो एकाच टर्मिनलवर. हे नेहमी होतं असं नाही, पण पॉवर सर्किटला बऱ्याचदा होतं, म्हणून मी शेडमध्ये एक्सपोर्टच्या पॅनलला अडीचचं टर्मिनल कंट्रोलपुरतंच ठेवतो, हीटर-मोटर आलं की चार. दोन रुपये जास्त जातात, जाऊ देत.

हिरव्या कनेक्टरचं बी आणि डी. यूएल १०५९ मध्ये हे वापराचे ग्रुप आहेत, बी म्हणजे ऑफिसची उपकरणं, कॉम्प्युटर वगैरे कमर्शियल सामान, सी म्हणजे सर्वसाधारण इंडस्ट्रियल, डी म्हणजे इंडस्ट्रियलच पण मर्यादित. दोन धातूंमधलं अंतर सीला जास्त लागतं, ते हिरव्या कनेक्टरच्या ५.०८ मिलिमीटर पिचमध्ये (दोन पिनांमधलं अंतर) बसत नाही, म्हणून डीखाली घालतात आणि डीला करंटची टोपी असते, १५१ ते ३०० व्होल्टला १० अँपिअर, ६०० पर्यंत गेलात तर ५ च. म्हणजे तुमच्या कनेक्टरच्या १५ आणि १० मध्ये तापण्याचा काही संबंध नाही, डीमधला १० हा नियमाने कापलेला आकडा आहे. तुमचं मशीन कारखान्यात बसणार, म्हणून डी वाचायचं, १०. तुम्ही लिहिलंय की सोलेनॉइडच्या कॉमनला, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वायरला, ८ अँपिअर आहे, चालेल. बीचे १५ बघून त्यावर १२-१३ अँपिअर टाकले असतेत तर तिकडचा इन्स्पेक्टर पहिल्या दहा मिनिटांत बोट ठेवतो, तो डेटाशीटचा तोच रकाना उघडून आलेला असतो.

त्या कनेक्टरचे आयईसीवाले १२ पण जसेच्या तसे घेऊ नका. कर्व्ह उघडा, खाली हवेचं तापमान असतं, वर करंट, आणि पोलच्या, म्हणजे वायर लावायच्या जागांच्या, संख्येप्रमाणे वेगवेगळ्या रेषा. बारा पोलच्या कनेक्टरला सगळ्या पोलमधून एकदम करंट असेल तर रेषा चांगलीच खाली येते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४०, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि बंद पॅनलमध्ये ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणारा डबा) वर हात घातला तर ५५ सहज. टर्मिनलचा विचार करा, ४० ला ४५ ची वाढ म्हणजे ८५ ला पोचतो असं धरलं, तर ५५ च्या पॅनलमध्ये वाढीला फक्त ३० उरतात, आणि २४ चे होतात १९.६. गंमत म्हणजे तोच ०.८१६ परत आला, पण यावेळी त्याला अर्थ आहे. अंदाज म्हणून वापरा, नेमका आकडा कंपनीच्या कर्व्हवरून. ओहायोत थंडी असते, पण पॅनलच्या आत ड्राइव्ह तिथेही तेवढाच तापतो, आणि उन्हाळा तिथेही असतो.

शेवटी एक गोष्ट जी कुठल्याच रकान्यात नसते. मी आतापर्यंत जळालेली जी टर्मिनल बघितली त्यातली अगदी थोडी रेटिंग चुकल्यामुळे जळाली. बाकी सगळी ढिल्या स्क्रूची, नाहीतर फेरूल (वायरच्या टोकावरची धातूची नळी) अर्धंच आत गेलेलं, नाहीतर इन्सुलेशनवरच स्क्रू आवळलेला. एकदा एका कस्टमरकडे गेलो तेव्हा ३२ अँपिअरच्या टर्मिनलमधून जेमतेम ११ चालले होते आणि प्लास्टिक गुळाच्या रंगाचं झालेलं, वास कपाट उघडायच्या आधीच आला. वायर हाताने ओढली तर बाहेर आली. स्क्रू आमच्याच पोराने आवळला होता, शनिवारी संध्याकाळी, डिस्पॅचच्या घाईत. त्या साइजच्या एम ३ स्क्रूला साधारण ०.५ ते ०.६ न्यूटन मीटर टॉर्क लागतो, अमेरिकेत पौंड-इंचात लिहितात, एका न्यूटन मीटरला ८.८५. तेव्हापासून टॉर्क स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आवळल्यावर मार्करची रेघ मारायची सवय लावली.

तर सध्या अडीचची ऑर्डर थांबवा, चारची मागवा, यूएलचा उलट्या आर आणि यूचा शिक्का टर्मिनलवर आहे का ते परचेसला बघायला सांगा, आणि त्याच्या आधी हीटरच्या नेमप्लेटवर व्होल्टेज काय लिहिलंय त्याचा फोटो काढून पाठवा. ४१५ असेल तर टर्मिनल बाजूला ठेवून आधी ट्रान्सफॉर्मर कोण लावणार ते कस्टमरला मेल करून लेखी घ्या.